चार क्विंटल सोयाबीन मोडून ५जी फोन घ्यावा का?

दुधनाकाठ · सेलू

मंडळी, रामराम.

दिवाळीला मेहुणा नवा फोन मिरवत आला आणि घरातलं वातावरण बिघडलं. त्याच्या फोनात वर '५जी' लिहून येतं, माझ्यात '४जी'. आमच्या चिरंजीवांच्या मते घराण्याला यापेक्षा मोठा डाग नाही. माझा फोन २०२१ च्या दसऱ्याचा, ६ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण. दुपारी दोनच्या आत बॅटरी बसते, कॅमेरा उघडायला वेळ लावतो, बाकी तक्रार नाही. वापर म्हणाल तर व्हॉट्सॲप, यूपीआय, बाजारभाव, ई-पीक पाहणी, युट्यूबवर बातम्या, आणि रात्री डोळा लागेपर्यंत क्रिकेट.

डोळ्यात भरलेला फोन एकवीस हजारांचा आहे. यंदा, म्हणजे २०२५ ला, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावानं धरलं तर चार क्विंटल, आणि आडतीवर हातात पडला त्या भावानं पाच क्विंटलच्या आसपास. सप्टेंबरच्या पावसात निम्मं रान पाण्याखाली गेल्यावर उरलेल्यातले चार क्विंटल म्हणजे काय, ते इथं कुणाला सांगायला नको.

तर विचारायचं एवढंच. ५जीनं माझ्यासारख्याला खरंच काही फरक पडतो का? आणि नव्या फोनात जे नवं म्हणून विकतात, एआय, १२० हर्ट्झचा पडदा, २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्यातलं कामाचं किती आणि काउंटरवरच्या पोराच्या तोंडचं किती? सेलूत ५जी येतं. शेत सात किलोमीटरवर, तिथं काय येतं ते वाऱ्यावर अवलंबून.

अण्णांचा (वडील) फोन २०१९ चा आहे. पण ते म्हणतात, "तुमच्या भानगडीत माझं नाव घेऊ नको." म्हणून घेत नाही.

---

रेंजबाहेर · भूम

आमच्याकडं माळवदावर चढल्याशिवाय 'हॅलो' होत नाही. तुमचं ५जी तुम्हाला लखलाभ. वाचतोय.

---

बीडकर_सध्या_हिंजवडी

एवढा विचार कशाला? घेऊन टाका. माझ्याकडं घरात बसून चारशे एमबीपीएसचा (सेकंदाला चारशे मेगाबिट) वेग मिळतो, दोन जीबीचा पिक्चर मिनिटाच्या आत उतरतो. चार वर्षांचा फोन म्हणजे चालत्या गाडीला जुने टायर. शिवाय आता चांगल्या किमतीत ४जी फोन मिळतोच कुठं? उद्या घ्यायचा तो आज घ्या.

---

दुधनाकाठ · सेलू

भाऊ, दोन जीबीचा पिक्चर मी वर्षात एकदा उतरवतो, तोही मुलाच्या नावावर.

---

खांबावरचा · नांदेड

टॉवरच्या देखभालीचं काम करतो. कंपनी विचारू नका, भाकरी तिथली आहे. थोडं लांबण लागेल, पण '५जी' ही एकच गोष्ट समजून लोक फसायलेत म्हणून लिहितो.

देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. त्याआधीच्या लिलावात जिओ आणि एअरटेलनं ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण १०० मेगाहर्ट्झ रुंदीची जागा घेतली. जिओनं त्याशिवाय ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, पण तो १० मेगाहर्ट्झ रुंदीचा. आता फरक बघा. ३३०० वालं म्हणजे समृद्धी महामार्ग, रुंद आहे, गाडी पळते, पण लांब जात नाही आणि भिंत आडवी आली की दम सोडतो. ७०० वालं म्हणजे पाणंद. लांबवर जातं, घरात शिरतं, पण रुंदी बैलगाडीपुरती. फोनवर चिन्ह मात्र दोन्हीकडं '५जी'च दिसतं. त्यामुळं सेलूच्या बसस्टँडवर दोनशेचा वेग आणि शेतात त्याच चिन्हाखाली दहा-पंधराचा, असं झालं तर फोनला शिव्या देऊ नका.

दुसरं, टॉवरवर ५जीची पेटी बसवली म्हणजे संपलं नाही. टॉवरपर्यंत फायबर आलंय की वरून डिश लावून दुसऱ्या टॉवरशी सांधा जोडलाय, हे महत्त्वाचं. बोअरला पाणी दीड इंच आणि मोटर बसवली साडेसातची, तर काय होतं ते शेतकऱ्याला मी काय सांगावं! मोटर हवा ओढते.

तिसरं विजेचं. ५जीचा रेडिओ वीज जास्त खातो. लाईन गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेलवर, डिझेल संपलं की तुम्ही आमच्या नावानं. सप्टेंबरच्या पुरात मी दोन दिवस ट्यूबवर बसून डिझेलचे कॅन नेलेत. त्या दोन दिवसांत कुणी वेग विचारला नाही, फोन लागतो का एवढंच विचारलं.

तुमच्या शेतात तुमच्याच फोनवर *#*#४६३६#*#* दाबून बघा, बऱ्याच अँड्रॉइडवर चालतं. सिग्नल किती 'डीबीएम' येतो ते दिसेल. उणे ९० च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११५ च्या खाली गेलं तर कोणताही फोन घ्या, झगडणारच. आणि झगडणारा फोन बॅटरी खातो. तुमची दुपारी बसते त्यात अर्धा वाटा याचा असू शकतो.

---

बीडकर_सध्या_हिंजवडी

म्हणजे ५जी घेऊच नये असं म्हणायचंय का?

---

खांबावरचा · नांदेड

नाही. वेगासाठी घेऊ नये असं म्हणायचंय. बाकी कारणं असतील तर असतील.

---

जवसाची_चटणी · लातूर

माझी मुलगी नीटची तयारी करते, सगळी शिकवणी रेकॉर्ड केलेली, दिवसाला पाच-सहा तास. तिनंही हाच हट्ट धरला होता, "५जी पाहिजे, लेक्चर अडकतं." मी आधी हिशोब केला. युट्यूबचं स्वतःचं म्हणणं आहे की ४८०पी ला साधारण १.१ एमबीपीएस लागतो, ७२०पी ला अडीच, १०८०पी ला पाच, आणि फोर-के ला वीस. फळ्यावरची अक्षरं वाचायला ७२०पी भरपूर झालं. अडीचसाठी दोनशेचं काय करायचं? तिचं अडकायचं कारण वेगळंच निघालं. संध्याकाळी सात ते दहा आमच्या भागातली सगळी खोल्यांवरची पोरं एकाच टॉवरवर. दुपारी तोच व्हिडिओ सुरळीत.

आणखी एक सांगते. जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हापासून अमर्याद ५जी मिळतं ते रोज २ जीबी किंवा त्यावरच्या रिचार्जवर. दीड जीबीवाल्या रिचार्जवर फोन ५जी असूनही ते फुकटचं ताट समोर येत नाही. नवा फोन घेणारे हा महिन्याचा वाढीव खर्च धरतच नाहीत.

शेवटी आम्ही फोन बदललाच नाही. छतावर एअरफायबरचा डबा बसवून घेतला. तो ५जीवरच चालतो म्हणे, पण डबा उघड्यावर गच्चीत, टॉवरकडं तोंड करून. खालच्या खोलीत फोनवर ५जी येत नाही, वर डब्यावर येतं, तिथून वायफाय. घरात चार माणसं, चार जुने ४जी फोन, सगळे सुखात.

---

खांबावरचा · नांदेड

ताई, नेमकं बोललात. तालुक्याच्या गावात ५जीचा खरा उपयोग मला तरी हाच दिसायलाय. पत्र्याच्या घरात फोनला सिग्नल मिळत नाही, कारण पत्रा म्हणजे लहरींना आरसा. डबा पत्र्याच्या वर बसवला की प्रश्न मिटला. वायफाय कॉलिंग चालू करून ठेवा म्हणजे घरात फोनही लागेल.

---

रेंजबाहेर · भूम

माळवदाच्या भिंती दोन हात जाड आहेत. उन्हाळ्यात गार लागतं, सिग्नलही गारच.

---

पैठणगेट_उस्ताद · छ. संभाजीनगर

अस्सलाम, रामराम, सगळ्यांना. पैठण गेटला दुरुस्तीचं छोटं काउंटर आहे. धंदा माझा दुरुस्तीचा, म्हणून मी दुरुस्तीच्या बाजूनं बोलणार, हे आधीच सांगतो.

दुधनाकाठभाऊ, तुमच्या फोनची तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं माझ्याकडं रोज वीस वेळा येतात. बॅटरी: लिथियमची बॅटरी पाचशेच्या आसपास पूर्ण भरण्या-रिकाम्या झाल्या की साधारण ऐंशी टक्क्यांवर येते. चार वर्षं झाली म्हणजे तुमच्या हजार तरी झाल्या. फोन म्हातारा नाही, बॅटरी म्हातारी आहे. चांगली बॅटरी टाकून बाराशे ते अठराशेत काम होतं. पण चारशेची 'ओरिजिनल' मिळते म्हणून कुणी टाकून दिली तर घेऊ नका. सहा महिन्यांत फुगते आणि स्क्रीन उचलते. मागचं झाकण थोडं वर आलेलं दिसलं तर चार्जिंगला लावू नका, तसाच घेऊन या.

कॅमेरा उघडायला वेळ: साठवण किती भरलीय बघा. ९५ टक्के भरलेला फोन म्हणजे लग्नातला मांडव, पाहुणा आत शिरायला जागा नाही. तुमच्या व्हॉट्सॲपमधले सुप्रभात काढा, गणपती-नवरात्रीचे व्हिडिओ काढा, पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा, मग बोला.

नव्या फोनचं म्हणाल तर कॅमेऱ्याचा आकडा बघून फोन घेऊ नका. १०८ मेगापिक्सेलवाला फोन नऊ-नऊ ठिपके एकत्र करून शेवटी १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. पूर्ण आकडा हवा असेल तर वेगळं बटण दाबावं लागतं, ते कुणी दाबत नाही. 'एक्स्टेंडेड रॅम' म्हणजे साठवणीतला तुकडा उसना घेऊन रॅम म्हणून मिरवणं. पाण्याचं आयपी ६८ चांगलं, पण ते साध्या पाण्याचं आणि नव्या फोनचं. पाणी शिरलं तर वॉरंटी बहुतेक वेळा हात वर करते. पुरानंतर माझ्याकडं आयपीवाले फोनही आले, चिखल भरलेले.

आणि हप्त्यावर घेणार असाल तर एक. 'बिनव्याजी' हप्त्यात फाइलचे पैसे निघतात, रोखीत मिळणारी सूट जाते. हप्ता चुकला तर फोन दूरवरून बंद करणारं ॲप बरेचदा आधीच टाकलेलं असतं. माझ्याकडं एक पोरगा रडत आला होता, परीक्षेचं हॉल तिकीट फोनात आणि फोन कुलूपबंद. मी काही करू शकलो नाही.

---

बीडकर_सध्या_हिंजवडी

उस्ताद, तुमच्या धंद्याच्या हिशोबानं नवा फोन कुणी घ्यायलाच नको 🙂

---

पैठणगेट_उस्ताद · छ. संभाजीनगर

घ्यावा की. नवा फोन घेतल्याशिवाय त्याची काच फुटणार कशी?

---

पाटी_पेन्सिल · कळंब

मी अंगणवाडीवर काम करते. तुमची सगळी चर्चा हौसेच्या फोनची चाललीय, आमच्यासाठी फोन म्हणजे हजेरीचं रजिस्टर. १ जुलै २०२५ पासून आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा फोनवर ओळखून घ्यावा लागतो. आधी ॲप उघडायचं, मग आईला उजेडात उभं करायचं, डोळे मिचकवायला सांगायचं, तोवर मांडीवरचं पोर रडतं. कमी रॅमच्या फोनवर हे एकेका बाईला दहा-दहा मिनिटं चालायचं. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी मिळालेले फोन परत केले होते ते उगाच नाही.

मी शेवटी पदरचे पैसे घालून ६ जीबी रॅमचा फोन घेतला. आता दोन मिनिटांत होतं. गावात ४जीच आहे. नेट तेच, टॉवर तोच, तरी काम पाचपट लवकर. म्हणून सांगते, 'नव्या फोननं काही फरक पडत नाही' असं सरसकट म्हणू नका. ज्याचा फोन २-३ जीबी रॅमचा आहे त्याला फरक पडतो. ज्याचा ६ जीबीचा आहे, त्यानं हौस म्हणावं.

---

दुधनाकाठ · सेलू

ताई, पटलं. माझा ६ जीबीचाच आहे, म्हणजे मी हौशी. अण्णांचा ३ जीबीचा आहे, पण त्यांचं नाव घेत नाही.

---

पैनगंगेपल्याड · किनवट

आमच्याकडची गोष्ट वेगळी. डोंगर, जंगल, खासगी कंपन्यांचे टॉवर रस्त्याच्या कडेनं, आत पाड्यांवर काही नाही. आता बीएसएनएलचा ४जी टॉवर लागलाय. २७ सप्टेंबर २०२५ ला जे स्वदेशी ४जी देशभर सुरू झालं, त्यातलाच. गावात आनंदीआनंद, सगळ्यांनी सिम घेतली. माझ्या भावाच्या फोनवर घरात सिग्नलची दांडी, माझ्या फोनवर घरात शून्य, चौकात गेलं की येतं. सिम तीच, घर तेच.

मग नांदेडच्या एका पोरानं सांगितलं की बीएसएनएल ७०० च्या पट्ट्यात पण ४जी देतं, त्याला 'बँड २८' म्हणतात, आणि माझ्या २०१८ च्या फोनात तो बँडच नाही. तो लांब जाणारा पट्टा माझ्या फोनला ऐकूच येत नव्हता. २१०० वालं चौकापर्यंतच पोचतं, म्हणून चौकात दांडी. फोन बदलला, घरात दोन दांड्या.

म्हणजे नेट बदललं म्हणून नाही, फोनचा कान बदलला म्हणून. 'किती जी' पेक्षा 'कोणते बँड' हे विचारा. फोनच्या कंपनीच्या साइटवर बारीक अक्षरात यादी असते.

---

खांबावरचा · नांदेड

हा मुद्दा दहा हजारांचा आहे. त्यात एक जोड देतो. जिओचं ५जी सुरुवातीपासून 'स्टँडअलोन' आहे, म्हणजे स्वतःच्या पायावर. एअरटेलनं सुरुवात केली ती 'नॉन-स्टँडअलोन' पद्धतीनं, ४जीच्या खांद्यावर हात ठेवून. अगदी स्वस्तातले काही ५जी फोन फक्त स्टँडअलोनच चालवतात. असा फोन घेतला आणि सिम एअरटेलची असली, तर फोनच्या खोक्यावर ५जी, स्क्रीनवर ४जी. दुकानात हे कुणी सांगत नाही. खोक्यावर एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलंय का बघा.

---

कापूसकोंड्या · मानवत

एआयबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मी बोलतो.

ऑगस्टमध्ये माझ्या सोयाबीनवर पिवळेपणा आला. पानाचा फोटो काढून एआयला टाकला, मराठीत विचारलं. फटकन उत्तर आलं, पिवळा मोझॅक, पांढरी माशी, अमुक फवारा. मराठी एकदम शुद्ध, कृषी अधिकाऱ्यापेक्षा बरी. मी औषध आणायला निघालो होतो, तेवढ्यात शेजारचा म्हणाला, परभणीला चाललोय, पान दे. कृषी विद्यापीठात दाखवलं. त्यांनी पान उलटं-सुलटं करून विचारलं, कोवळी पानंच पिवळी आहेत का? शिरा हिरव्या राहिल्यात का? हो म्हटल्यावर म्हणाले, ही लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत होतं, रोग नाही. फेरस सल्फेटची फवारणी सांगितली. महागडा फवारा वाचला.

एआय वाईट असं नाही. फोटो मी धड काढला नव्हता, शेंड्याचं पान की बुडातलं ते सांगितलं नव्हतं. पण मुद्दा वेगळा: हे सगळं माझ्या २०२० च्या फोनवर झालं. विचार करतो तो तिकडचा संगणक, आपला फोन फक्त चिठ्ठी पोचवतो. २०२५ मध्ये एअरटेलनं परप्लेक्सिटी नावाचं एआय दिलं, जिओनं ऑक्टोबरमध्ये गुगलचं जेमिनी दिलं, जुन्या फोनवर पण चालतं. मग 'एआय फोन' म्हणून पाच हजार जास्त कशाचे? काही गोष्टी फोनातल्या फोनात होतात, फोटोतला माणूस पुसणं, फोनवर चाललेलं बोलणं भाषांतर करणं. आमच्या फोटोतला माणूस पुसला तर मागं बांधच दिसतो.

---

जवसाची_चटणी · लातूर

बांधच दिसतो 😂

---

दुधनाकाठ · सेलू

मंडळी, काल रविवारी मेहुण्याला घेऊन पाहणी केली. दोघांकडं एकाच कंपनीची सिम.

सेलू बसस्टँड: त्याचा ५जी २१०, माझा ४जी १८. मग दोघांनी एकाच दुकानात चहाचे वीस-वीस रुपये यूपीआयनं दिले. दोघांचे एकदमच गेले. दुकानदाराचा डबा आधी माझं नाव बोलला.

घरात, आतल्या खोलीत: त्याचा ५जी ९, माझा ४जी ११. इथं त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

शेतात, विहिरीजवळ: त्याच्या फोनावर '५जी' लिहिलेलं, वेग १२. माझ्यावर ४जी, वेग ५. सिग्नल माझा उणे ११२. मोटारीच्या खोलीत त्याला एक दांडी, मला 'सेवा नाही'. म्हणजे खांबावरच्या भाऊंचं पाणंदीचं म्हणणं खरं, आणि किनवटच्या भाऊंचं कानाचंही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. दुपारी बाराच्या उन्हात त्याचा पडदा वाचता येत होता, माझा नाही. ई-पीक पाहणीचा फोटो घेताना मी फोनवर सदऱ्याची सावली धरून वाकतो, तो सरळ उभा राहतो. आणि त्याच्या फोनात जीपीएस दोन लहरींवर चालतं म्हणे, एल१ आणि एल५. पण उघड्या रानात माझंही तीन-चार मीटरच्या आत येत होतं, गट चुकला नाही.

---

बीडकर_सध्या_हिंजवडी

आतल्या खोलीत ४जी पुढं? माझाच फोन तपासतो आता.

---

खतावणी · अंबाजोगाई

निवृत्त बँक कर्मचारी. इतका वेळ वाचत होतो. तुम्ही सगळे वेग, बॅटरी, पडदा बोलताय. माझ्या दृष्टीनं फोन बदलायचं कारण एकच, आणि ते दुकानात कुठं लिहिलेलं नसतं.

सेटिंगमध्ये 'फोनविषयी' उघडा, तिथं अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तारीख दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि तुम्ही त्याच फोनावर बँकेचं ॲप चालवत असाल, तर तुमच्या घराला कडी आहे, पण खिळा निखळलाय. आता वरच्या दर्जाचे फोन सात वर्षं अपडेट देतात. गुगलनं २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं २०२४ च्या एस२४ पासून तसं जाहीर केलं. स्वस्त फोनांना मात्र दोन-चार वर्षं मिळाली तरी नशीब. घेताना दुकानदाराला मेगापिक्सेल विचारू नका, "अपडेट कुठल्या सालापर्यंत?" हे विचारा. तो आत जाऊन मालकाला विचारून येईल.

जुन्या फोनाला ॲपही सोडून जातात. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनांवर व्हॉट्सॲप बंद झालं. बँकांची ॲपही हळूहळू तशीच वर सरकतात.

आणि एक. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका.एपीके', 'पीएम किसान यादी.एपीके', 'वाहन दंड.एपीके' अशा फाइली येतात. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोनात शिरणारं ॲप. पत्रिका समजून दाबलं की ओटीपी तिकडं जायला लागतात. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त माणसाचे पैसे असेच गेले. नवा फोन असता तर निदान एकदा दरडावून विचारलं असतं. पूर्ण वाचला असता असं म्हणत नाही. माणूसच "होय, होय" दाबत सुटला तर फोन काय करणार.

---

पैठणगेट_उस्ताद · छ. संभाजीनगर

काकांचं बरोबर. माझ्या धंद्याविरुद्ध जातं, पण बरोबर. बॅटरी मी बदलून देतो, अपडेट नाही देता येत.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि 'केवायएम' लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. सरकारच्या संचार साथीकडून उत्तर येतं. काळ्या यादीतला निघाला तर समोरच्याला चहा पाजा आणि घरी जा.

---

रेंजबाहेर · भूम

माळवदावरून एसएमएस केला, उत्तर आलं. फोन माझाच निघाला.

---

दुधनाकाठ · सेलू

मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतोय, हरभऱ्याच्या पेरणीत अडकलो होतो. काय झालं ते सांगतो.

माझ्या फोनची बॅटरी परभणीला बदलली, चौदाशे रुपये. साठवण ९६ टक्के भरलेली होती. त्यातले अकरा जीबी निव्वळ सुप्रभात, शुभरात्री आणि भावकीच्या ग्रुपवरच्या सांत्वनाचे फोटो. काढले. आता फोन रात्री नऊपर्यंत चालतो आणि कॅमेरा लगेच उघडतो. शेतात गेलं की नेटवर्क '४जी'वर पक्कं करून ठेवतो. सुरक्षा अपडेट २०२४ चं आहे, म्हणजे खतावणी काकांच्या हिशोबानं अजून वर्षभर ओढता येईल, मग बघू.

मग अण्णांचा फोन त्यांच्या नकळत उघडून बघितला. अपडेटची तारीख २०२१. बँकेचं ॲप त्यात, पीएम किसानचं त्यात, 'लग्नपत्रिका.एपीके' पण त्यात पडलेली, नशीब उघडलेली नव्हती. बँड २८ नाही. आणि शेतात दिवसभर तेच असतात, मी नाही. वीज पडायच्या दिवसांत मी त्यांच्या फोनात दामिनी ॲप टाकून दिलं होतं, पण विहिरीजवळ सेवाच नसेल तर ॲप इशारा देणार कुणाला?

म्हणून एकवीसचा फोन रद्द. अण्णांसाठी अकरा हजारांच्या आतला घेतला. ५जी त्यात आहेच, या भावात आता तो येतोच. खोक्यावर एसए-एनएसए दोन्ही बघितलं, बँड २८ बघितला, पडद्याचा उजेड दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन बघितला. दुकानदार म्हणाला, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच. अपडेट चार वर्षं म्हणाला, मालकाला विचारून.

अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विहिरीवरून व्हिडिओ कॉल आला. "सोयाबीन माझं, फोन माझा, मग गावात 'मी घेऊन दिला' म्हणून कशाला सांगत फिरायलास?"

आता एक अडचण. काल अण्णांना फोन आला, "तुमचं सिम ४जीचं आहे, ५जी करायचं असेल तर आलेला नंबर सांगा." त्यांनी नंबर न सांगता फोन ठेवून दिला. सिम बदलावी लागते का?

---

खांबावरचा · नांदेड

नाही लागत. जिओ-एअरटेलची ४जी सिम ५जी फोनात आहे तशी चालते. तो फोन भामट्याचा होता. नंबर ब्लॉक करा आणि अण्णांना सांगा, ठेवून दिला ते फार बरं केलं.

---

दुधनाकाठ · सेलू

सांगितलं. म्हणाले, "मी ठेवला नाही, रेंज गेली."